राजूरच्या शिबिराची तालीम

मंगलला गाडी लागायची. नुसतं आत बसल्यावरच नाही, लांबून भोंगा ऐकला तरी तिचं तोंड पांढरं पडायचं आणि ती पोटावर हात दाबून भिंतीला टेकायची. मंगल माझी चुलत बहीण, माझ्याच वयाची, नववीत माझ्याच बाकावर बसणारी. आणि आम्हा दोघींना उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या शिबिराला राजूरला जायचं होतं. राजूर आमच्याच जिल्ह्यातलं, पण पाथर्डीकडच्या आमच्या माळावरून ते पार दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्याच्या डोंगरात. एसटीनं पुरा दिवस जायचा, नगरला गाडी बदलावी लागायची. (बसच्या पाटीवर आता नगरचं नाव बदललंय. मला बोलताना अजून नगरच येतं. या वयात जिभेला कोण वळण लावणार!) आमच्या गावातल्या मुली आईबापाशिवाय मुक्कामाला जायची ती पहिलीच वेळ. त्यामुळं शिबिर आमचं असलं, तरी धाबं दणाणलं होतं सगळ्या घराचं.

घरात दादा, म्हणजे माझे वडील, आई, मी आणि दादांची थोरली बहीण अक्का. अक्काचं लग्न तेराव्या वर्षी झालं, आणि विसाव्या वर्षी नवऱ्यानं दुसरी आणल्यावर ती आपली पेटी घेऊन माहेरी परत आली. आल्या दिवसापासून घरातली चूल, शेरडं, आमचा अभ्यास आणि दादांचा राग, सगळं तिच्या ताब्यात. उन्हाळ्यात आडाचं पाणी तळाला जायचं आणि पोहरा खालच्या खडकावर आपटल्याचा ठण्ण आवाज सकाळभर यायचा. अंगणात आई आणि अक्का कुरडयांचा चीक हाटत बसायच्या. चिकाचे बुडबुडे फुटताना चुलीवरचं पातेलं म्हाताऱ्या माणसासारखं पुटपुटायचं. संध्याकाळी हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी, ठेचा. भात सणासुदीला. अंगणाच्या पलीकडच्या कडेला एक खोली होती, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत कुलूप असलेली. ती मंगलच्या आईबापाची.

नाना आणि नानी, माझे चुलते-चुलती, दर वर्षी ऊसतोडीला जायचे. वाटणीत विहिरीकडचा तुकडा दादांना आला आणि नानांच्या वाट्याला आला मुरमाड माळ. त्यावर कुसळंसुद्धा नाखुशीनं उगवायची. दिवाळी झाली की टोळीचा ट्रक यायचा, दोघं राहात्याकडच्या एका कारखान्यावर जायचे, आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं, की परत यायचे. तेवढे महिने मंगल आमच्याकडं. आमच्या भागात एक रीत होती, अजूनही आहे: निघताना पोरांना सांगायचं नाही. सांगितलं की पोरं ट्रकमागं धावतात, आया रडतात, मुकादम खेकसतो. म्हणून पोरांना काहीतरी निमित्त काढून लांब धाडायचं आणि मागच्या मागं निघून जायचं. एका वर्षी मंगलला दळण आणायला गिरणीवर पाठवलं होतं. ती पिठाचा डबा डोक्यावर घेऊन आली तेव्हा खोलीला कुलूप होतं आणि अंगणात ट्रकच्या चाकांचे माग होते. ती रडली नाही. डबा खाली ठेवला आणि कोपऱ्यात जाऊन ओकली. घरच्यांनी निदान केलं, ऊन बाधलं. पुढं गाडी दिसली की ओकायला लागली, तेव्हा निदान बदललं, हिला गाडी लागते. माझं निदान मी शाळेत शिकवायला लागल्यावर कित्येक वर्षांनी केलं, पण तेव्हा त्याचा कुणाला काय उपयोग होणार होता?

शिबिराच्या तयारीचा विडा अक्कानं उचलला. स्वतः ती नगरच्या पलीकडं कधी गेली नव्हती, पण बारा गावचं पाणी प्यायल्यासारखी तिनं आमची तालीम सुरू केली. आधी खाणं. शिबिरात दोन्ही वेळा भात असतो असं गोरेबाईंनी, आमच्या शाळेतल्या बाईंनी, सांगितल्यावर अक्कानं रोज रात्री आम्हा दोघींपुढं भात ठेवायला सुरुवात केली. आम्ही आशेनं भाकरीकडं बघायचो. "तिकडं काय भाकरी घिऊन तुमची आत्या येनार हाय व्हय? खावा गुमान." मग वळकटी बांधणं. सतरंजीत वाकळ, वाकळीत कपडे, वर सुतळीची गाठ. अक्का ती गाठ सोडून टाकायची आणि पुन्हा बांधायला लावायची. मग बोलणं. नगरच्या मुली आपल्या बोलण्याला हसतील ही माझी मोठी धास्ती होती, त्यापायी मला झोप लागेना. अक्कानं त्यावरही उपाय काढला. चुलीपुढं बसून ती बजावायची, "हाय-न्हाई म्हनायचं न्हाई तितं. आहे-नाही म्हनायचं. काय म्हनायचं?" मंगल गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, "आहे-न्हाई." आई पदराआड हसायची आणि अक्का लाटणं उगारायची.

सगळ्यात अवघड धडा गाडीचा. शेजारचा टेम्पो कांदे घेऊन बाजाराला निघाला की अक्का मंगलला पुढं, ड्रायव्हरशेजारी बसवायची. हातात लिंबू, पोटावर कपड्याच्या आत वर्तमानपत्राची घडी, तोंडात आवळ्याची सुपारी. पहिल्या दिवशी मंगल गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत टिकली. अक्काला केवढा आनंद! "आज वढ्यापातुर गेली, उद्या पुलापातुर जाईल." मग एसटी. आम्ही तिघी फाट्यावर चढायचो, पुढच्या फाट्याला उतरायचो आणि उन्हातान्हात चालत परत यायचो. कंडक्टर ओळखीचा झाला. "आत्याबाई, पोरीला एसटीत नोकरीला लावायची हाय का?" तो विचारायचा. "तू रिटायर हुतो का, मंग लावते," अक्का म्हणायची. मंगल मात्र हसायची नाही. खिडकीबाहेर तोंड काढून ओकायची, अक्काच्या पदराला तोंड पुसायची आणि विचारायची, "अक्का, मी न्हाई गेले तर न्हाई का चालनार?" अक्काचा चेहरा अशा वेळी दगडासारखा व्हायचा. "न्हाई चालनार," एवढंच म्हणायची.

अक्का इतकी हट्टाला का पेटली होती हे मला शिबिराहून परत आल्यावर कळलं, पण वाचणाऱ्याला मी इथंच सांगून टाकते. उन्हाळ्याच्या तोंडाशी टोळीतला एक माणूस आजारी पडून लवकर परत आला, त्याच्याकडं नानांनी निरोप धाडला होता. पट्टा पडला की आम्ही येतोय, मागोमाग मंगलला बघायला पाहुणे येणार आहेत, मुलगा मुकादमाच्या नात्यातला आहे, पोरगी घरात ठेवा. ऊसतोडीत जोडप्याला काम मिळतं. एकट्या पोराला कोयता मिळत नाही, म्हणून पोरांचीही घाई आणि वयात आलेल्या पोरीला मागं ठेवायची भीती, म्हणून पोरींचीही घाई. निरोप ऐकून अक्का उठली, गोरेबाईंकडं गेली आणि मंगलचं नाव शिबिरात घालून आली. दादा म्हणाले, "त्येंची पोर हाय, अक्का. आपन कोन?" अक्का म्हणाली, "पाव्हने येतील आन् पोरगी घरात नसंल. हात हालवत गेलेला पाव्हना परत येत न्हाई. तेवढीच धाव्वी हुईल तिची." एवढीच तिची योजना. नानांशी भांडायचं बळ तिच्यात नव्हतं, भावांच्या घरचा घास खाऊन त्यांच्यावर बोलायचं नाही असं ती मानायची. पण पोरीला त्या दिवसांत डोंगरापलीकडं नेऊन ठेवायचं एवढं तिच्या हातात होतं. आणि मंगलला ती यातलं अवाक्षर सांगणार नव्हती. आईबाप येणार आहेत हेही नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आम्हाला दुपारभर गोरेबाईंकडं धाडलं. परतलो तर अंगणात ओल्या शेणाचा वास. नानांच्या खोलीचं दार ओढून घेतलेलं, कुलूप मात्र नव्हतं. अक्का हात धुऊन दशम्या करायला बसली होती आणि उगाच मोठ्या आवाजात आईशी मिठाबद्दल बोलत होती. मंगल उंबऱ्यात उभी राहिली, खोलीकडं पाहिलं, अक्काकडं पाहिलं आणि आत येऊन तिनं आपली वळकटी बांधली. गाठ पहिल्या खेपेला नीट बसली. तिला आता जमायला लागलं म्हणून मी खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला गोरेबाई आणि आम्ही पाच मुली. अक्कानं दोघींच्या हातावर दही ठेवलं. मंगलची हनुवटी धरून ती काहीतरी बोलणार होती, पण नुसतंच "पोटाला खा" म्हणाली आणि वळली. गाडी सुटली. मी लिंबू पुढं केलं, मंगलनं ते मुठीत धरलं, हुंगलं नाही. करंजीचा घाट आला. त्या घाटात भल्याभल्यांची आतडी वर येतात, आणि मंगल ताठ बसलेली. "मंगे, तुला गाडी लागंना!" मी आनंदानं ओरडले. गोरेबाईंनी मागं वळून तिच्या पाठीवर शाबासकी दिली. मंगलचं लक्ष नव्हतं. समोरून ट्रक चढत होते, त्यांत बाजा, हंडे, टोपलीखाली कोंबड्या, वर डोक्याला फडकी बांधलेल्या बाया आणि पेंगणारी पोरं. टोळ्या घरी निघाल्या होत्या. प्रत्येक ट्रक शेजारून गेला की मंगल मान वळवून पार दिसेनासा होईपर्यंत बघायची. एकदाच बोलली. "अक्कानं आमची खोली का सारवली असंल गं, कुंदे?" मी म्हटलं, "उन्हाळा हाय, सारवली असंल." मला खरंच दुसरं काही सुचलं नाही.

नगरच्या स्टँडवर अकोल्याची गाडी लागली तशी झुंबड उडाली. बाईंनी मला खिडकीतून आत ढकललं आणि जागा धरायला सांगितलं. मी रुमाल, पिशवी, चपला, होतं नव्हतं ते बाकांवर टाकलं. खाली मंगल बाईंना म्हणाली, "बाई, पानी पिऊन येते." सगळ्या मुली आत आल्या, वळकट्या आल्या, मंगलचीही आली, मंगल आली नाही. बाईंनी नळावर पाहिलं, बायकांच्या संडासात पाहिलं, उपाहारगृहात पाहिलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आम्हाला त्यांनी गाडीतून खाली उतरवलं, एकमेकींचे हात धरून एका खांबापाशी उभं केलं आणि भोंग्यावरून नाव पुकारायला लावलं. मंगलचं नाव त्या कर्ण्यातून इतकं खरखरीत आलं की मला रडूच फुटलं. शेवटी संत्री विकणारी एक बाई म्हणाली, "निळ्या झग्याची का? ती पाथर्डीच्या गाडीत बसली की. पळत गेली."

बाई तरुण होत्या, पण धीराच्या. चार मुलींना सोडून मागं जाता येईना, एका मुलीला वाऱ्यावर सोडून पुढं जाता येईना. त्यांनी पाथर्डीला निघालेल्या पुढच्या गाडीच्या कंडक्टरला निरोप दिला आणि आम्हाला घेऊन त्या स्टँडवरच बसून राहिल्या. अकोल्याच्या गाड्या आल्या आणि गेल्या. दशम्या सोडल्या, कुणाला घास गिळेना. दुपार कलल्यावर आमच्या ओळखीचा कंडक्टर आला. तो लांबूनच हात हालवत होता. "पोचली बाई, पोचली. माझ्याच गाडीत हुती. फाट्याला उतरली न् घराकडं जी पळत सुटली, मागं बघितलं न्हाई. म्या इचारलं, उलटी हुती का गं? तर म्हनली, न्हाई, आज आई याची हाय." बाईंनी डोळे मिटले आणि हात जोडले. त्यांना वाटलं, संकट टळलं. मलाही तसंच वाटलं.

शिबिरात कुणी माझ्या बोलण्याला हसलं नाही. भात मऊ होता, पाणी गोड होतं, डोंगर इतके जवळ की सकाळी दार उघडलं की अंगावर आल्यासारखे वाटायचे. आम्ही जखमेला पट्टी बांधायला शिकलो, दिशा ओळखायला शिकलो, शेकोटीभोवती गाणी म्हटली. माझ्या शेजारची जागा रिकामी होती आणि मंगलची वळकटी सुटलीच नव्हती. निघायच्या दिवशी मी राजूरच्या बाजारातून तिच्यासाठी करवंदांचा द्रोण घेतला आणि वाटभर मांडीवर सांभाळत आणला.

घरी आले तर मंगल अंगणात तांदूळ निवडत होती. अंगावर नवं लुगडं, ते तिला सावरत नव्हतं, आणि हातात हिरव्या बांगड्या. नानी शेजारी बसून तिच्या केसांतल्या उवा काढत होती. करवंदं बघून मंगलचा चेहरा फुलला. तिनं सगळी खाल्ली, एकही कुणाला दिलं नाही, जांभळ्या तोंडानं मला विचारत राहिली, डोंगर केवढा हुता, वर ढग हुते का, भात किती द्यायचे. मी सांगत होते आणि तिच्या बांगड्यांकडं बघायचं टाळत होते.

मधलं सगळं मला आईनं सांगितलं. मंगल पळत आली तेव्हा ट्रक नुकताच गेलेला, नानी अंगणात भांडी उतरवत होती. तिला बघून मंगलनं अशी हाक मारली की शेजारपाजारचे बाहेर आले. नानीनं तिला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "वाळलीस गं." नानीच्या हाताला उसाच्या पात्यानं चिरा पडलेल्या होत्या. मंगल त्या रात्री तिच्या कुशीत झोपली, दुसऱ्या दिवशी तिच्या मागं मागं आडावर गेली, तिच्या ताटात जेवली. नानी काही वाईट बाई नव्हती, हे मला इथं ठासून सांगितलं पाहिजे. हंगामात झोपडीत पोरीला कुठं ठेवू आणि मागं ठेवली तर कुणाच्या भरवशावर, हा घोर तिला रात्रंदिवस असायचा. लग्न हा तिला सुचलेला इलाज होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाहुणे आले. पोहे अक्कानं केले. घर तिचं, चूल तिची, करणार कोण? मंगलनं ते बाहेर नेऊन दिले. मुलानं मान हालवली, नानांनी कुंकू लावून घेतलं आणि मिरगाच्या आत लग्न उरकायचं ठरलं. आई म्हणते, त्या संध्याकाळी अक्का रिकाम्या चुलीपुढं बसून राहिली. आईनं विचारलं, "पोरीला आधी सांगितलं का न्हाई, अक्का?" अक्का म्हणाली, "काय सांगू? तुजे आईबाप येत्यात, पर तू त्येंच्या म्होरं जाऊ नको? वरीसभर ती त्येंची वाट बघती. तिच्या तोंडावर त्येंना वाईट कसं म्हनू?" मग कपाळावर हात मारून घेतला आणि जन्मात पहिल्यांदा आईच्या गळ्यात पडून रडली.

मंगलचं लग्न झालं. त्या दिवाळीला ती टोळीच्या ट्रकवर चढली, पुढं कितीतरी वर्षं चढत राहिली. मी शिकले, शिक्षिका झाले. गेली बरीच वर्षं शाळेच्या शिबिरांची तयारी माझ्याकडं असते. आता आया मोबाईलवर दिवसातून दहा वेळा विचारतात, गोळ्यांच्या पाकिटांवर नावं लिहून देतात, आणि मुली "मॅडम, मला अँक्झायटी होते" म्हणतात. मी हसत नाही. प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारते, घरी काय चाललंय? कोण येणार आहे, कोण जाणार आहे? आणि जे खरं आहे ते सगळं त्यांना सांगते, कितीही कडू असलं तरी. अक्काच्या हातून जे राहून गेलं ते आपण करतोय असं मी मनाशी धरून चालत आले. सांगितलं असतं तर मंगल नगरवरून मागं फिरली नसती, हे मला इतकं पक्कं वाटायचं की तिला विचारायची कधी गरजच वाटली नाही.

गेल्या उन्हाळ्यात विचारलं. तिच्या नातीला शिबिराला न्यायचं म्हणून मी तिच्या घरी गेले होते. मंगल ओट्यावर बसून नातीच्या पिशवीत साबण, कंगवा, टॉवेल भरत होती. तिचा उजवा खांदा आता वर होत नाही, मोळ्या उचलून तो कायमचा उतरलाय. मी म्हटलं, "मंगे, पाव्हने येनार हायेत हे अक्कानं तुला सांगितलं असतं, तर तू राजूरला आली असतीस ना गं?" तिनं मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं.

"मला ठावं हुतं की," ती म्हणाली. "गिरनीवर बाया बोलत हुत्या, तवाच कळलं हुतं."

"मग तरी मागं फिरलीस?"

तिनं पिशवीची नाडी ओढली.

"तुझी आई रोज घरात हुती, कुंदे," ती म्हणाली. "माझी आल्ती."